आपल्या कापडाची गोधडी

चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत एक काम ठरलेले असते. मंडळाचे कार्यकर्ते घरोघर वर्गणीला फिरतात, पोरांची मापे लिहून घेतात आणि जयंतीच्या आदल्या रात्री टी-शर्टांचे गठ्ठे विहारात येऊन पडतात. मिरवणूक होते, वर्ष सरते, पुढच्या जयंतीला नवा रंग येतो. जुना टी-शर्ट आधी घरात घालायला, मग घराला रंग देताना, आणि शेवटी फरशी पुसायला! दहा वर्षांत एका घरात असे दहा-बारा टी-शर्ट येतात आणि जातात. जयंतीचे, कबड्डीच्या संघाचे, धम्म सहलीचे, रक्तदान शिबिराचे, मुलांच्या शाळा-कॉलेजचे. त्यांच्यावर संस्थेचे नाव असते, साल असते. मंडळांची पावतीपुस्तके वाळवी खाते, निमंत्रणपत्रिका रद्दीत जातात. आपल्या वस्तीने कोणत्या साली काय केले याचा लेखी पुरावा कित्येकदा एवढाच उरतो, आणि त्यानेच आपण फरशी पुसतो.

भगिनींनो, या टी-शर्टांची गोधडी होते. गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीच्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचन आटोपल्यावर आम्ही सात जणींनी अशी एक गोधडी शिवली. आमच्या आया-आज्यांना गोधडी येत होती. आमच्यापैकी एकीलाही येत नव्हती. कुणी कचेरीत कारकून, कुणी अंगणवाडीत, कुणी चार घरची कामे करणारी. घरात पलंग आले, गाद्या आल्या, सोलापुरी चादरी आल्या आणि हातातली सुई सुटली. तेव्हा जिला बटण लावण्यापलीकडे काही येत नाही अशा भगिनीने पुढचा मजकूर निर्धास्त वाचावा.

गोधडी शिवायला घेतली ती वस्तीतल्या एका मावशींसाठी. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचा तिशीतला मुलगा गेला. मंडळाचा खजिनदार, कबड्डीतला चढाईपटू, वर्गणीचा पैसा न पैसा चोख ठेवणारा पोरगा. नातेवाईक म्हणाले, कपडे नदीला सोडा. कुणी म्हणाले, गरजूंना द्या. शर्ट-पँटी मावशींनी देऊनही टाकल्या, पण टी-शर्ट पत्र्याच्या पेटीत तसेच राहिले. मोजले तेव्हा वीस भरले. पेटी उघडायची, एकेक हातात घ्यायचा, पुन्हा घडी घालून ठेवायचा, असे चार वर्षे चालले होते. पेटीतल्या कापडाला कसर लागू लागली तेव्हा आमच्यातल्या एकीने गोधडीचा विषय काढला.

पहिल्याच रविवारी विरोध झाला, आणि तो साधासुधा नव्हता. विहारात नेमाने येणाऱ्या, पंच्याऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत. चौकोन कापायला काढलेला ढीग पाहून त्या म्हणाल्या, "बाबासायबानं आपल्या अंगावरच्या चिंध्या काढल्या. आन पोरींनो, तुम्ही पुन्हा चिंध्या जोडाया बसल्या व्हय?"

आम्ही गप्प झालो. मग आजींनीच सांगितले. त्यांच्या लहानपणी गावात मर्तिक झाले की प्रेतावरचे कापड महारवाड्यात यायचे. गावगाड्यात तो 'हक्क' म्हणवला जाई! आजींची आई ते कापड ओढ्यावर धुवायची आणि त्याची वाकळ शिवायची. "कुणाच्या मढ्यावरचं हाय ते आईला ठावं असायचं. ती आम्हाला सांगायची न्हाई. त्या वाकळंखाली आम्ही पाच भावंडं निजलो."

वाचक भगिनींपैकी ज्यांचे आजोळ खेड्यातले आहे त्यांच्या घरात अशी आठवण असणारच. कुणी बोलून दाखवते, कुणी दाखवत नाही. आणि हा केवळ गावच्या पाटलाचा किंवा दारिद्र्याचा प्रश्न नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील बावन्नाव्या श्लोकात चांडाळांची वस्त्रे कोणती, तर प्रेतांवरची, असे सांगितलेले आहे. म्हणजे आजींच्या अंगावरची वाकळ ग्रंथाच्या आज्ञेने आलेली होती. तोच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. नेसण्याची जी पद्धत आणि जे दागिने पाहून अस्पृश्य ओळखू येतात ते सोडा, असे त्यांनी सांगितले आणि महाडच्या बायांनी तेथल्या तेथे नेसण्याची ढब बदलली. त्या भाषणातली आणखी एक गोष्ट आपण फारशी आठवत नाही. कपडा ठिगळाचा असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असला पाहिजे, आणि काय नेसायचे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाचा नाही, या अर्थाचे बाबासाहेब तेव्हा बोलले होते.

म्हणजे ठिगळावर त्यांचा राग नव्हता. दुसऱ्याने फेकलेले कापड नाइलाजाने अंगावर घेण्यावर होता. टी-शर्टांचा ढीग आमच्यासमोर पडला होता तो आपल्या वर्गणीतून, आपल्या पोरांच्या मापाने, आपल्या नावाने छापलेला. तो कुणी उचलून दिलेला नव्हता. आजींना आम्ही हे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. वाद जिंकल्याचे समाधान आम्हाला मुळीच वाटले नाही, कारण त्या वाकळेखाली आम्ही निजलेलो नव्हतो.

पुढच्या रविवारी वाचनात योगायोगाने चीवराचा विषय निघाला. विनयपिटकाच्या महावग्गात चीवरावर एक स्वतंत्र खंधक आहे. मगधातील शेते, त्यांचे आडवे-उभे बांध पाहून तथागतांनी आनंदाला विचारले की असे चीवर भिक्खूंसाठी करता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसे करून दाखवले. आजही भिक्खूंचे चीवर नीट पाहिले तर ते शेताच्या वाफ्यांसारखे जोडलेले दिसते. भिक्खू उकिरड्यावरून, स्मशानातून उचललेल्या चिंध्यांचे चीवर वापरत, त्याला पांसुकूल म्हणत. राजकुळातून, श्रेष्ठींच्या घरांतून आलेले लोकही ते आपखुशीने अंगावर घेत. ज्याला स्मशानातले कापड जन्माने नेमून दिले होते त्याची गोष्ट वेगळी आणि ज्याने ते स्वतः निवडले त्याची वेगळी. तरीही तुकडे जोडून वस्त्र करण्याला धम्मात मान आहे, एवढे त्यावरून नक्की कळते. वर्षावासानंतर कठिन चीवरदान होते, त्यातही मूळ रीत भिक्खूंनी मिळून एकाच दिवसात चीवर शिवून पुरे करण्याची.

चुल्लवग्गात तर याहून मजेदार कथा आहे. कौशाम्बीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला राग आला, हा भिक्खू काय कापडाचे दुकान मांडणार? त्याने आनंदाला एकामागून एक प्रश्न विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुनी चीवरे? पांघरुणे करू. जुनी पांघरुणे? गादीच्या खोळी करू. त्या जीर्ण झाल्या की बैठका, मग पायपुसणी, मग झाडायची फडकी, आणि शेवटी फडक्यांचे तुकडे मातीत कालवून जमीन सारवू. राजाने खूश होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली! आमच्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकात साठ्याचा हिशेब शिकवला होता, पण इतका सरळ कुठे वाचल्याचे आठवत नाही.

आणखी एक उदाहरण परदेशातले. दलित पँथरने १९७२ साली ज्या अमेरिकी काळ्या बांधवांच्या संघटनेवरून आपले नाव घेतले, त्या समाजातले. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज् बेंड नावाचे गाव आहे. तिथले लोक कापसाच्या मळ्यावरील गुलामांचे वंशज. तिथल्या बाया शेतातल्या कामाच्या फाटक्या पँटी, सदरे, पिठाची पोती जोडून थंडीसाठी गोधड्या शिवत. मिझुरी पेटवे नावाच्या बाईने १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी मुलीला हाताशी घेऊन शिवली, त्याची आठवण अंगावर राहावी म्हणून. पुढे १९६२ साली, काळे लोक मतदार यादीत नाव घालायला तालुक्याला जाऊ लागले तेव्हा नदीवरची तर बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली २००६ साली. चवदार तळे आठवते ना? पाणी अडवणारे सगळीकडे सारखेच! १९६६ साली त्या भागातल्या बायांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली, आणि २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांच्या भिंतींवर जीज् बेंडच्या गोधड्या चित्रांसारख्या टांगल्या गेल्या. गुडघ्यावर फिकट झालेले कापड, खिसा उसवल्यावर मागे राहिलेला गडद चौकोन, सगळे तसेच ठेवलेले.

असो. आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

टी-शर्टचे कापड विणलेले असते, साडीसारखे ताण्या-बाण्याचे नसते. म्हणून ते ताणले जाते आणि कापल्यावर कडा गुंडाळतात. नवशिकीची सारी अडचण इथेच आहे. तिच्यावर उपाय म्हणजे प्रत्येक चौकोनाला मागून आधार देणे. कापडबाजारात शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात इस्त्रीने चिकटणारे अस्तर मिळते, त्याला पेस्टिंग म्हणतात. त्यातले पातळ घ्यावे. कॉलरचे कडक पेस्टिंग घेतले तर गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. ज्यांना तो खर्च नको त्यांनी जुन्या मऊ धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा चौकोनामागे कच्च्या टाक्यांनी जोडावा. काम थोडे वाढते, गोधडी मात्र जास्त मऊ होते.

आधी सगळे टी-शर्ट धुवावेत. मावशींनी वीसपैकी एक टी-शर्ट धुवायला दिला नाही. त्याला अजून वास आहे, म्हणाल्या. आम्ही तो बाजूला ठेवला. तो पेटीतच आहे. राहिले एकोणीस.

टी-शर्टच्या दोन्ही बाजूच्या आणि खांद्याच्या शिवणी उसवून पाठ-पोट वेगळे करावे. छपाई मधोमध येईल असा पंधरा इंचांचा ओबडधोबड चौकोन कापावा. नीट पाहिले तर कापडावर बारीक उभ्या रेघा दिसतात. त्या सर्व चौकोनांत उभ्याच राहू द्याव्यात, नाहीतर धुतल्यावर एक चौकोन लांबीत ओढतो नि दुसरा रुंदीत. मग उलट्या बाजूवर पेस्टिंगची खरखरीत बाजू टेकवून इस्त्री करावी. इस्त्री फिरवायची नाही, दाबून धरायची, दहा-पंधरा सेकंद, मग उचलून पुढे. छपाईवर सुलट बाजूने इस्त्री मुळीच लावू नये, रबरी छपाई वितळून तळाला चिकटते. जयंतीचे अलीकडचे टी-शर्ट बहुतेक डॉट निटचे, म्हणजे पॉलिएस्टरचे असतात. त्यांना मंद इस्त्री आणि मध्ये पातळ सुती फडके हवेच. कापड गार झाल्यावर पुठ्ठ्याचा तेरा इंची चौकोन ठेवून नेमके कापून घ्यावे. हा पुठ्ठा काटकोनात असला की पुढचे निम्मे काम झाले. आम्ही तो पोरांच्या कंपासपेटीतल्या गुण्याने तपासला.

इथे एक वाद पुन्हा निघाला, तो चित्रांचा. तीन टी-शर्टांच्या छातीवर बाबासाहेबांची छबी होती. गोधडी अंथरायची-पांघरायची, झोपेत पाय लागणार. मंडळातली पोरे म्हणाली, छातीवर घालून नाचतो तेव्हा घाम लागतोच की, त्याचे काय? त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. आपण मूर्तिपूजक नाही, कापडाला विटाळ होत नाही. तरीपण छातीवर आणि पायाखाली यांत फरक आहे, असे आमचे स्पष्ट मत पडले. त्या तिन्ही टी-शर्टांच्या पाठी, ज्यांवर मंडळाचे नाव आणि साल होते, त्या गोधडीला घेतल्या. पोटांच्या भागाचा एक लांबट पडदा शिवून मावशींच्या खोलीत भिंतीवर लावला. टी-शर्टला दोन बाजू असतात हे किती बरे!

चौकोन मांडताना जमिनीवर पसरून सालवार लावले. चार आडवे, पाच उभे. २०१६ चा १२५ व्या जयंतीचा टी-शर्ट सर्वात देखणा, तो मधोमध यावा असे एकीला वाटत होते. मावशी म्हणाल्या, साल चुकवू नका, त्याला हिशेब चुकलेला चालायचा नाही. २०२० ला जयंतीचा टी-शर्ट निघालाच नव्हता. टाळेबंदी होती, सर्वांनी घरातच दिवा लावून वंदना केली. त्या जागी साध्या निळ्या कापडाचा चौकोन घातला. एकोणीस आणि तो एक, वीस झाले. त्या चौकोनावर काही भरतकाम करावे का, असे विचारले तर मावशी नको म्हणाल्या.

जोडताना अर्धा इंच शिवण धरावी, म्हणजे प्रत्येक चौकोन बारा इंचांचा होतो. आधी चार-चारच्या पाच पट्ट्या, मग पट्ट्या एकमेकींना. मशीनवर शिवायचे तर टोकाला गोल असलेली, विणलेल्या कापडाची चौदा नंबरची सुई मागून घ्यावी. साधी टोकदार सुई कापडाचे फासे तोडते आणि भोक पुढे उसवत जाते. टाका थोडा लांब ठेवावा आणि कापड मागून ओढू नये, मशीनला आपल्या चालीने जाऊ द्यावे. शिवणी मागून दोन्हीकडे उघडून दाबाव्यात, म्हणजे गाठीसारखी जाडी येत नाही. भोवती सात इंच रुंद पट्टी मावशींच्याच पांढऱ्या सुती साडीची लावली. अशी गोधडी पाच फूट बाय सहा फूट भरते. एका माणसाला पुरते, उंच माणसाचे पाय बाहेर राहतात.

यानंतर अस्सल गोधडीचे काम. खाली एक धडकी सुती साडी, चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त. त्यावर जुन्या मऊ साड्यांचे दोन थर. वर टी-शर्टांचा पदर. टी-शर्टाखाली सुती थर हवाच, कारण पॉलिएस्टर घाम टिपत नाही. विहाराच्या फरशीवर सगळे सुरकुती न ठेवता पसरून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि वितीवितीवर कच्चे टाके घातले. मग पक्का धावदोरा. आपल्या आज्या कडेपासून आत-आत शिवत येत, पण टी-शर्टचे कापड सरकते, म्हणून मधून सुरू करून बाहेर जावे. फुगा आला तर कडेला निघून जातो. रबरी छपाईतून सुई जात नाही आणि गेलीच तर पडलेले भोक बुजत नाही. तिथे अक्षरांच्या कडेकडेने टाका न्यावा. त्याने नावे उठून दिसतात हा आणखी फायदा. बोटात अंगुस्तान घालायला लाजू नये.

चौथ्या-पाचव्या रविवारी आजी जवळ येऊन बसल्या. आमचा टाका बोटाने चाचपून म्हणाल्या, "एवढा लांब? ह्यात पायाचं बोट अडकंल. तांदळाच्या दाण्याएवढा घाला." मग सुई मागितली. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून दोरा आम्ही ओवून द्यायचा आणि शिवायचे त्यांनी. त्यांचा टाका पाहून आम्ही आमचे दोन चौकोन उसवून पुन्हा घातले. वाकळेची गोष्ट त्यांनी परत काढली नाही, आम्हीही विचारली नाही. कोणाच्या कपड्यांची गोधडी चालली आहे हे मात्र त्यांना ठाऊक होते, कारण एकदा त्या मावशींना म्हणाल्या, "तुझ्या लेकाला टाका टोचायचा न्हाई, बारीक घातलाय."

शेवटी मागच्या साडीची जादा कड पुढे दुमडून हाताने तुरपून घेतली. मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात मुलाचे नाव, साल आणि शिवणाऱ्यांची नावे दोऱ्याने भरली. आजींचे धरून आठ. धुताना गार पाणी, पिळायची नाही, उलटी करून सावलीत वाळवायची. धुवायच्या मशीनमध्ये घालायची झाल्यास हलक्या फेरीवर, आणि छपाईवर ब्रश नको.

जमाखर्च द्यायची आमची सवय आहे, तो असा. छत्तीस इंच पन्ह्याचे पेस्टिंग चार मीटर, पांढऱ्या नि निळ्या दोऱ्याची सहा रिळे, सुयांची दोन पाकिटे, एक अंगुस्तान, निळे कापड अर्धा मीटर. सगळे मिळून चारशे रुपयांच्या आत. साड्या घरच्या. वेळ बारा रविवार, दोन-दोन तास. शिलाई मशीन विहारासमोरच्या ताईंचे. भाडे त्यांनी घेतले नाही, तेलाची बाटली तेवढी आम्ही नेऊन दिली. दोन रिळे आणि एक पाकीट सुया शिल्लक आहेत, त्या विहाराच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत.